कॉर्ड कशी बनते: नावांची मोजणी आणि अंतरांची मोजणी

गिटारवर ई मेजर ही कॉर्ड (एकत्र वाजवायचा स्वरांचा गट) धरा: पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधला खण), तिसऱ्या तारेवर पहिला, बाकीच्या तीन तारा मोकळ्या. एकदा छेडा. मग तिसऱ्या तारेवरचं बोट तेवढं उचला आणि पुन्हा छेडा. सहापैकी पाच तारांवर काहीच बदललेलं नाही. एक तार एका फ्रेटने खाली आली, जी शार्पच्या (जीच्या एका फ्रेटने वरच्या स्वराच्या) जागी जी आला, आणि तेवढ्याने ई मेजरची ई मायनर झाली. ए मेजरवरून ए मायनरला जाताना हाच बदल दुसऱ्या तारेवर होतो, डी मेजरवरून डी मायनरला जाताना पहिल्या तारेवर. बोटांचे आकार वेगळे, घडतं मात्र एकच: कॉर्डमधला मधला स्वर, म्हणजे मूळ स्वराला सा मानल्यावर येणारा गंधार, शुद्धचा कोमल होतो.

आकार पाठ करून कॉर्ड वाजवता येतात. पण आकारावरून कॉर्ड का बदलली ते कळत नाही, नवीन कॉर्ड बांधता येत नाही आणि गिटारवरचं कीबोर्डवर नेता येत नाही. त्यासाठी मोजावं लागतं, आणि तेही दोनदा. पहिल्या मोजणीत स्वरांची नावं मोजायची, दुसरीत त्यांच्यातलं अंतर. कॉर्डच्या बाबतीत होणारे बहुतेक घोळ यांपैकी एकच मोजणी केल्यामुळे होतात.

मोजायचं कशाने

अंतराचं सर्वांत लहान माप म्हणजे सेमीटोन. पेटीवर किंवा कीबोर्डवर लगतची पट्टी, मग ती काळी असो वा पांढरी. गिटारवर एक फ्रेट. सा ते वरचा सा यांत असे १२ सेमीटोन बसतात. मेजर स्केलमध्ये, म्हणजेच बिलावल थाटाच्या स्वरांत, ते असे विभागले जातात: सा ते रे २, रे ते ग २, ग ते म १, म ते प २, प ते ध २, ध ते नी २, नी ते वरचा सा १. सी या स्वराला, म्हणजे पांढरी एकला, सा मानलं तर सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात: सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. म्हणून उदाहरणं सीपासून घेणं सोयीचं. एवढंच लक्षात ठेवा की ई-एफ आणि बी-सी या दोन जोड्यांत अंतर १ आहे, बाकी सगळीकडे २.

पहिली मोजणी: नावं

कॉर्ड बांधायची साधी रीत म्हणजे स्केलमधला एक स्वर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्याच्या पुढचा घ्यायचा, पुन्हा एक सोडून एक. सी घ्या, डी सोडा, ई घ्या, एफ सोडा, जी घ्या. सी-ई-जी. सा-ग-प.

एक सोडून एक घेतलेल्या अशा दोन स्वरांतल्या अंतराला तिसरा म्हणतात. का, तर मोजताना दोन्ही टोकं धरतात: सी, डी, ई असे तीन. ई, एफ, जी हेही तीनच. गंमत अशी की तिसऱ्यावर तिसरा रचला की सहावा होत नाही, पाचवा होतो, कारण मधला ई दोन्हींकडे मोजला जातो. नावांच्या मोजणीत हे सतत होतं आणि नवख्या माणसाचा हिशेब इथेच चुकतो. सेमीटोन मोजताना हा प्रश्न येत नाही, कारण तिथे स्वर मोजत नाही, पावलं मोजतो. ४ आणि ३ मिळून सरळ ७ होतात.

दुसरी मोजणी: अंतरं

तिसरा हे नाव फक्त दोन अक्षरं किती लांब आहेत ते सांगतं. प्रत्यक्ष अंतर दोन प्रकारचं असतं. सी ते ई ४ सेमीटोन आहेत: हा मेजर तिसरा, शुद्ध गंधाराचं अंतर. डी ते एफ मोजलं तर ३ भरतात: मायनर तिसरा, कोमल गंधाराचं अंतर. म्हणजे एका तिसऱ्यावर आणखी एक तिसरा रचताना चारच शक्यता उरतात.

खाली ४ आणि वर ३ असेल तर मेजर. खाली ३ आणि वर ४ असेल तर मायनर. दोन्हींची बेरीज ७, म्हणजे पंचम दोन्हींत तोच, शुद्ध. फरक फक्त मधल्या स्वराच्या जागेचा, आणि ई मेजरमधलं बोट उचलल्यावर कानाला जो धक्का बसतो तो याच एका सेमीटोनचा. ३ आणि ३ रचले तर बेरीज ६ होते, पंचम एका सेमीटोनने खाली येतो. ही डिमिनिश्ड, आखडलेली. ४ आणि ४ रचले तर बेरीज ८, पंचम एकाने वर, ही ऑगमेंटेड. शेवटच्या दोघींना शुद्ध पंचमाचा आधार नाही, म्हणून त्या ऐकताना अधांतरी वाटतात आणि पुढे कुठेतरी जायला हव्यात असं वाटत राहतं.

आता सी मेजर स्केलच्या सातही स्वरांवर कॉर्ड बांधून बघू. प्रत्येक वेळी सेमीटोन एकेक करून मोजायची गरज नाही. तिसऱ्यात दोन पावलं असतात. त्या पावलांत ई-एफ किंवा बी-सी आलं तर अंतर ३, नाही आलं तर ४. सी-ई-जी: ४ आणि ३, मेजर. डी-एफ-ए: ३ आणि ४, मायनर. ई-जी-बी: पुन्हा ३ आणि ४, मायनर. एफ-ए-सी मेजर. जी-बी-डी मेजर. ए-सी-ई मायनर. बी-डी-एफ: बी ते डी यांत बी-सी आलं, डी ते एफ यांत ई-एफ आलं, म्हणून ३ आणि ३, डिमिनिश्ड.

पहिली, चौथी, पाचवी मेजर, दुसरी, तिसरी, सहावी मायनर, सातवी डिमिनिश्ड. हा क्रम कुठल्याही मेजर स्केलमध्ये हाच राहतो, कारण अंतरांचा साचा तोच आहे. ए मेजर स्केल घेतलं तर ए, डी, ई मेजर; बी, सी शार्प, एफ शार्प मायनर; जी शार्प डिमिनिश्ड. कॉर्डला नावाऐवजी क्रमांक देऊन लिहिण्याची पद्धत यावरच उभी आहे. गायकाच्या सोयीसाठी पट्टी बदलली तरी पहिली, सहावी, चौथी, पाचवी हा क्रम तसाच राहतो. फक्त पहिली कुठली ते बदलतं. ऑगमेंटेड मात्र मेजर स्केलमध्ये कुठेच तयार होत नाही, कारण लागोपाठ दोन ४ तिथे मिळतच नाहीत.

दोन स्केलचा घोळ

इथे एक प्रश्न हमखास येतो. कॉर्डचं सूत्र १-३-५ असं शिकवतात. मग डीवर १-३-५ लावलं तर डी, एफ शार्प, ए येतात, ती तर मेजर झाली. वर डी मायनर कशी आली?

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण प्रश्न वेगळे आहेत. १-३-५ हे सूत्र कॉर्डच्या मूळ स्वराच्या स्वतःच्या मेजर स्केलवर मोजलेलं असतं. डीच्या मेजर स्केलमध्ये तिसरा स्वर एफ शार्प आहे, म्हणून डी मेजर म्हणजे डी, एफ शार्प, ए. डी मायनरचं सूत्र १, फ्लॅट ३ (म्हणजे तिसरा एका सेमीटोनने खाली), ५. याउलट सी मेजर स्केलमधल्या दुसऱ्या स्वरावर कुठली कॉर्ड बनते, असं विचारलं की स्वर सीच्या स्केलमधूनच घ्यावे लागतात, आणि तिथे एफ शार्प नाही, एफ आहे. पहिल्या प्रश्नात कॉर्डची रचना विचारली आहे, दुसऱ्यात स्केलमधलं तिचं रूप. कुठल्या स्केलवर मोजतोय हे आधी ठरवलं नाही तर सगळं धूसर होतं. कुणी 'डीची कॉर्ड सांग' म्हटलं तर आधी हेच विचारावं.

ई फ्लॅट की डी शार्प

सी मायनर म्हणजे सी, ई फ्लॅट, जी. ई फ्लॅट आणि डी शार्प कीबोर्डवर एकाच पट्टीवर आहेत, मग सी, डी शार्प, जी लिहिलं तर काय बिघडलं? आवाजात काही नाही. लिहिण्यात बरंच. सी ते डी हे नावांच्या मोजणीत दुसरा आहे, तिसरा नाही. पहिली मोजणी सांगते की सीवरची कॉर्ड सी-ई-जी याच तीन अक्षरांची असली पाहिजे. दुसरी मोजणी ठरवते की कुठल्या अक्षराला शार्प किंवा फ्लॅट लागेल. हा क्रम पाळला की कॉर्डमधले स्वर कधीच चुकत नाहीत. एफ शार्प मेजरमध्ये अक्षरं एफ-ए-सी, म्हणून एफ शार्प, ए शार्प, सी शार्प. मधे बी फ्लॅट लिहायचा नाही. जी शार्प मेजरमध्ये जी शार्प, बी शार्प, डी शार्प. बी शार्प पाहून अनेकांना ती छपाईची चूक वाटते, कारण पट्टी तर सीची आहे. पण तिसरं अक्षर बीच असायला हवं आणि जी शार्पपासून ४ सेमीटोनवर तो बी शार्पच येतो. चुकीच्या अक्षराने लिहिलेली कॉर्ड दुसऱ्या स्केलमध्ये नेताना दगा देते. तिसरा शोधायला जावं तर तिथे दुसरा सापडतो.

तिसरेच का, आणि ते किती सुरात

स्वर एक सोडून एकच का घ्यायचे? लगतचे घेतले, सी-डी-ई, तर ते एकमेकांवर घासतात. चौथ्या-चौथ्यानेही रचना करतात, तिचा रंग वेगळा. पण तिसऱ्यांच्या रचनेला एक नैसर्गिक पाया आहे. तार छेडली की मूळ कंपनसंख्येबरोबर तिची दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट कंपनंही उमटतात. त्यातली ४, ५ आणि ६ पट एकत्र ऐकली की मेजर कॉर्ड होते. मूळ स्वर ए ४४० हर्ट्झवर धरला तर या प्रमाणात सी शार्प ५५० आणि ई ६६० हर्ट्झवर येतो.

आपल्या कीबोर्डवर आणि गिटारवर मात्र सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. तिथे सी शार्प ५५४.३७ आणि ई ६५९.२६ हर्ट्झवर असतो. पंचम जवळजवळ अचूक आहे, गंधार मात्र चांगलाच चढलेला. सेंटच्या मापात नैसर्गिक मेजर तिसरा सुमारे ३८६, कीबोर्डवरचा ४००. सेमीटोन १०० सेंटचा, त्यामुळे १४ सेंटची चूक तयार कानाला सहज जाणवते. एचा पाचपट सूर २२०० हर्ट्झ, सी शार्पचा चौपट सूर सुमारे २२१७.५, हे दोन सूर एकमेकांशी सेकंदाला १७ वेळा आपटतात. पंचमाच्या बाबतीत हीच थरथर सेकंदाला जेमतेम दीड वेळा होते. गिटारला डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवणारा परिणाम, लावलं की हे वरचे सूर फुगतात आणि तिसऱ्याची खरखर असह्य होते. म्हणून तिथे तिसरा गाळून नुसता मूळ स्वर आणि पंचम वाजवतात. तीच पॉवर कॉर्ड. तिच्यात गंधारच नसल्याने ती मेजरही नाही आणि मायनरही नाही.

गिटार ट्यून करतानाची एक नेहमीची चूक याच १४ सेंटची आहे. ई मेजर वाजवून तिसरी तार कानाला गोड लागेपर्यंत थोडी उतरवतात. ई मेजर सुरेख लागते. पण तीच मोकळी तिसरी तार जी मेजरमध्ये मूळ स्वर आहे आणि सी मेजरमध्ये पंचम. तिथे ती उतरलेली ऐकू येते. मग सी मेजर दुरुस्त करायला जातात आणि ई मेजर बिघडते. हा खेळ संपत नाही. प्रत्येक तार ट्यूनरवर सुटी लावावी आणि गंधार थोडा चढाच राहणार हे मान्य करावं.

आणखी एक तिसरा: सेव्हन्थ

तीन स्वरांवर आणखी एक तिसरा चढवला की सेव्हन्थ कॉर्ड. सी-ई-जी-बी मोजा: ४, ३, ४. ही मेजर सेव्हन. डी-एफ-ए-सी: ३, ४, ३, मायनर सेव्हन. जी-बी-डी-एफ: ४, ३, ३, हिला नुसतं जी सेव्हन म्हणतात. बी-डी-एफ-ए: ३, ३, ४, हाफ डिमिनिश्ड. मेजर स्केलमध्ये पहिल्या आणि चौथ्या स्वरावर मेजर सेव्हन, दुसऱ्या-तिसऱ्या-सहाव्यावर मायनर सेव्हन, सातव्यावर हाफ डिमिनिश्ड. आणि ४-३-३ ही रचना एकाच ठिकाणी, पाचव्या स्वरावर.

नावातल्या '७' ने खूप जण फसतात. जी सेव्हनमधला सातवा मूळ स्वरापासून १० सेमीटोनवर असतो, म्हणजे कोमल निषाद. ११ सेमीटोनवरचा शुद्ध निषाद हवा असेल तर नावात 'मेजर सेव्हन' असं स्पष्ट लिहावं लागतं. आणि इथे मेजर हा शब्द सातव्याबद्दल आहे, तिसऱ्याबद्दल नाही. म्हणूनच 'मायनर मेजर सेव्हन' असं विचित्र वाटणारं नाव असू शकतं: कोमल गंधार, शुद्ध निषाद.

जी सेव्हन ऐकली की सीवर यावंसं का वाटतं, तेही अंतरांतच दडलेलं आहे. तिच्यातले बी आणि एफ एकमेकांपासून ६ सेमीटोनवर आहेत, सप्तकाच्या बरोबर मध्यावर. हा ताण सुटतो तेव्हा बी एक सेमीटोन वर सीवर जातो, एफ एक सेमीटोन खाली ईवर येतो, आणि सी मेजरचे सा आणि ग हातात पडतात. दोन स्वरांनी एकेक सेमीटोन सरकायचं, बस. मायनर स्केलमध्ये हे आपोआप होत नाही. ए मायनरमध्ये, म्हणजे एपासून वरच्या एपर्यंतच्या पांढऱ्या पट्ट्यांत, पाचव्या स्वरावर ई-जी-बी ही मायनर कॉर्ड येते. तिचा जी एच्या दोन सेमीटोन खाली असल्याने ओढ लागत नाही. म्हणून जीचा जी शार्प करतात आणि हार्मोनिक मायनर स्केल तयार होतं. मेजर स्केलमध्ये न मिळणारी ऑगमेंटेडही इथे सापडते: सी, ई, जी शार्प.

आता एखादी अनोळखी कॉर्ड घेऊ. बी फ्लॅट मायनर सेव्हन. आधी अक्षरं: बी-डी-एफ-ए. मग अंतरं ३, ४, ३. बी फ्लॅटपासून ३ सेमीटोनवर डी फ्लॅट. डी फ्लॅटपासून ४ वर एफ. एफपासून ३ वर ए फ्लॅट. बी फ्लॅट, डी फ्लॅट, एफ, ए फ्लॅट. पडताळायचं तर बेरीज १०, आणि ए फ्लॅट हा वरच्या बी फ्लॅटच्या २ सेमीटोन खाली आहे का बघायचं. आहे.

तिसरे असेच रचत गेलं तर ९, ११, १३ येतात आणि पुढचा पुन्हा मूळ स्वरच असतो. स्केलचे सातही स्वर संपलेले असतात. नववा म्हणजे वरच्या सप्तकातला रे. सी नाइन म्हटलं की त्यात सातवाही गृहीत असतो: सी, ई, जी, बी फ्लॅट, डी. सातवा नको असेल तर ॲड नाइन. सस (सस्पेंडेड) कॉर्डमध्ये तिसरा काढून त्याच्या जागी चौथा किंवा दुसरा ठेवतात. सस फोर म्हणजे सी-एफ-जी, अंतरं ५ आणि २. गंधार तसाच ठेवून वर चौथा चढवला तर ती सस होत नाही, आणि एफ-ई यांच्यातला सेमीटोन बोचत राहतो.

उलटलेल्या कॉर्ड आणि खालचं सप्तक

सी-ई-जी यातला सी उचलून वर ठेवला तर ई-जी-सी: ३ आणि ५. आणखी एक उलटवली तर जी-सी-ई: ५ आणि ४. मोजताना ५ आला की समजावं की कॉर्ड बहुधा उलटलेली आहे, आणि त्या ५च्या वरच्या टोकाला मूळ स्वर आहे. खात्री करायची तर अक्षरं एक सोडून एक येईपर्यंत स्वर फिरवत राहायचे. ऑगमेंटेडला ही युक्ती चालत नाही: ४, ४ आणि वरच्या सापर्यंत पुन्हा ४, त्यामुळे कशीही उलटवली तरी अंतरं तीच. म्हणून कानाला वेगळ्या अशा ऑगमेंटेड फक्त चारच आहेत. ३-३-३ या पूर्ण डिमिनिश्ड सेव्हन्थ तर तीनच. काही वेळा मूळ स्वर कुठला हे फक्त बेस, म्हणजे सर्वांत खालचा स्वर, ठरवतो: ए-सी-ई-जी हे चार स्वर एवर बसले तर ए मायनर सेव्हन, सीवर बसले तर सी सिक्स.

कीबोर्डवर डाव्या हाताने खाली पूर्ण कॉर्ड दाबली की आवाज गढूळ होतो. स्वर बरोबर असतात, जागा चुकते. मधल्या सप्तकात सी आणि ई यांच्या कंपनांत सुमारे ६८ हर्ट्झचा फरक आहे. दोन सप्तकं खाली सी ६५.४ आणि ई ८२.४, फरक अवघा १७. इतक्या जवळचे सूर कान नीट वेगळे करू शकत नाही, घरघर ऐकू येते. उपाय सोपा: खाली मूळ स्वर आणि पंचम ठेवा, गंधार वरच्या सप्तकात न्या.

चार-पाच स्वरांच्या कॉर्डमध्ये काहीतरी गाळावं लागतं, तेव्हा आधी पंचम गाळतात. गिटारवरची नेहमीची मोकळी सी सेव्हन बघा: पाचव्या तारेपासून सी, ई, बी फ्लॅट, सी, ई. जी नाहीच, आणि तो कुणाला जाणवतही नाही, कारण मूळ स्वराच्या तिप्पट सुरात पंचम असतोच. गंधार आणि निषाद मात्र गाळू नयेत, कॉर्डची जात तेच सांगतात. जिथे पंचमच शुद्ध नाही तिथे हा नियम उलटतो. बी-डी-एफ-ए या हाफ डिमिनिश्डमधून एफ काढला तर बी, डी, ए उरतात, आणि ते ऐकणाऱ्याला सरळ बी मायनर सेव्हन वाटतात.